पक्षाघातानंतर सायकलचा व्यायाम: श्रम कसे मोजावेत?

प्रश्न: वडिलांना पक्षाघात होऊन काही महिने झाले असून ते काठीच्या आधाराने घरात चालतात. फिजिओथेरपिस्टांनी आता स्थिर सायकल सुचवली आहे, परंतु बीटा-ब्लॉकर (रक्तदाब व हृदयासाठीची गोळी) चालू असताना नाडीवर भरवसा ठेवावा का?

उत्तर १: ठेवू नये, कारण त्या गोळीने नाडी दबून राहते. बोर्गच्या ६ ते २० या श्रमपट्टीवर (किती श्रम वाटतात याला स्वतःच आकडा द्यायचा; ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे कमाल) ११ ते १४, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागावा.

उत्तर २: सहमत. पाठीला टेकू असलेली सायकल निवडा आणि अशक्त पाय पेडलला पट्ट्याने नीट बांधा, नाहीतर टाच हमखास घसरते. आठवड्यातून ३ ते ५ दिवस किमान २० मिनिटे हे उद्दिष्ट असले, तरी आरंभी पाच-पाच मिनिटांचे तुकडे चालतात.

उत्तर ३: त्याआधी हृदयतपासणी झाली आहे ना? छातीत दुखल्यास किंवा भोवळ आल्यास लगेच थांबवून डॉक्टरांना कळवावे.