कॉपीराइटची मुदत ६०ची ५० वर्षं केली तरी दुर्मिळ पुस्तकं कपाटातच राहतील

अक्षरजुळारी
कालच्या पोस्टमध्ये इथं एकानं छातीठोकपणे लिहिलं होतं की कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांऐवजी ५० वर्षं ठेवा, मराठीतली सगळी दुर्मिळ पुस्तकं लोकांना मिळतील. ५० हा कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचा किमान आकडा आहे, तेव्हा तो आणायला अडचण नाही, इथवर कबूल. आपल्याकडेही ५०च होता. रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत १९९१च्या अखेरीस संपत होती म्हणून १० वर्षं वाढवली, आणि ती सगळ्यांनाच लागू झाली.

पण हक्कांतून मोकळं होणं वेगळं आणि हाती येणं वेगळं. साने गुरुजींचं लेखन १ जानेवारी २०११ला मोकळं झालं, मर्ढेकरांचं २०१७ला. दोघं मिळतात, कारण आधीही मिळत होते. खरी अडचण आहे १९५५ ते १९८५मध्ये एकच आवृत्ती निघालेल्या पुस्तकांची: बोलींचे शब्दसंग्रह, तालुक्यांचे इतिहास, पिकांवरची, कारागिरीवरची. लेखक १९८८ला गेला असेल तर हक्क २०४८च्या अखेरपर्यंत. तुमच्या दुरुस्तीनंतर २०३८. तोवर तो कागद बोट लावताच तुटेल.

त्यांच्यासाठी रस्ता एकच, कॉपीराइट कायद्याचं कलम ३१अ. लेखक हयात नाही, अज्ञात आहे किंवा हक्कधारक सापडत नाही, अशा पुस्तकाचा परवाना. २०१२पासून आधी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांनाही तो मागता येतो. अर्जाआधी जाहिरात द्यायची, ती देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात! मराठी दैनिकाची सक्ती फक्त मराठी भाषांतर काढायचं असेल तर. कोरेगावच्या मास्तरांनी मराठीत लिहिलेल्या पुस्तकाचे वारस इंग्रजी पेपरात शोधायचे. मग अर्ज. तो पूर्वी कॉपीराइट बोर्डाकडे जायचा, २०१७पासून आयपीएबी या बौद्धिक संपदेच्या अपील मंडळाकडे, २०२१ला तेही बरखास्त झालं, आता व्यावसायिक न्यायालयात. वकील, फी, तारखा आणि वर न्यायालय ठरवेल ती रॉयल्टी आधी जमा करायची. ३०० प्रतींसाठी हे कोण करेल? मुदतीवर भांडण्याआधी हे कलम बदला.

डेमी_अष्टमांश
प्रकाशक म्हणून सांगतो, जाहिरातीचं मान्य. बाकीचं नाही. ‘वारस सापडत नाही’ म्हणजे बहुतेक वेळा ‘शोधले नाहीत’. जुना करार, रॉयल्टीच्या पावत्या, लेखक नोकरीला होता तिथली निवृत्तिवेतनाची नोंद, शेवटच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र, ज्या दिवाळी अंकांत तो लिहायचा त्यांची कार्यालयं, एवढं तरी बघायला हवं. यातलं काही न करता लोक स्कॅन चढवतात आणि वर पुण्यकर्म म्हणतात.

हयात लेखकाचं गणितही मांडा. ३०० रुपयांचं पुस्तक, १००० प्रती, १० टक्के रॉयल्टी: सगळी आवृत्ती खपली तर ३० हजार. खपायला चार-पाच वर्षं. मधेच पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरली की दुसऱ्या आवृत्तीचं धाडस कुणी करत नाही.

ब_वर्ग_ग्रंथपाल
हयात लेखकांचा विषय कुणी काढला? ३५ वर्षं न छापलेल्या पुस्तकांबद्दल चाललंय. ज्यांनी पुस्तक मारलं तेच त्याचे रखवालदार होऊन उभे राहतात, याचा संताप येतो. कलम १९ वाचा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षंच धरतात, आणि हक्क घेऊन वर्षभर वापरला नाही तर तो परत जातो. तुमच्याकडचे निम्मे हक्क तुमचे नसतीलच.

कलमबहाद्दर
ग्रंथपालबाई/बुवा, थांबा. ती दोन्ही पोटकलमं १९९४च्या दुरुस्तीनं आली. १९६२च्या करारावर ती टेकवून कुणी शहाणा छापायला बसणार नाही. शिवाय वर्षभराचा नियम करारात उलट लिहिलं नसेल तरच. आणि हक्क परत जातो तो लेखकाकडे किंवा वारसांकडे, तुमच्या-माझ्याकडे नाही. म्हणजे शोध चुकत नाही. तीन मुलं, त्यांची सात मुलं, कुणी इंदूरला, कुणी न्यू जर्सीत. सगळ्यांच्या सह्या लागतात, एक अडला की काम अडलं. कलम २१ची हक्क सोडून द्यायची सोयही फक्त लेखकाला दिली आहे. वारसांनी लेखी खुला परवाना द्यावा, कलम ३०खाली तो चालतो.

ब_वर्ग_ग्रंथपाल
ठीक, १९९४चं मी विसरलो. पण ग्रंथालयाचे हात कसे बांधलेत ते बघा. कलम ५२(१)(एन) म्हणतं, छापील प्रत तुमच्याकडे असेल तर जतनासाठी डिजिटल साठवा. साठवून दाखवायचं कुणाला, याबद्दल अक्षर नाही. (ओ)खाली, पुस्तक भारतात विक्रीला नसेल तर ग्रंथालयाच्या वापरासाठी तीन प्रती. तीन! आणि चूक ठरली तर कलम ६३, ६ महिने ते ३ वर्षं कैद. नफ्यासाठी नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण त्या भरवशावर कोणता ग्रंथपाल स्कॅनर चालू करेल?

रात्रपाळी
दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात २०१६ला उच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल दिला होता ना? मग भीती कसली?

कलमबहाद्दर
तो निकाल शिकवण्यासाठी केलेल्या उताऱ्यांच्या संचाबद्दल होता. अख्खं पुस्तक सगळ्या जगासाठी चढवायला तो ढाल म्हणून धरू नका.

तिरकी_मात्रा
तुम्ही सगळे कायद्यावर भांडताय आणि जी पुस्तकं आज मोकळी आहेत त्यांचे स्कॅन बघवत नाहीत. १५० डीपीआय (इंचाला ठिपके), नुसतं काळं-पांढरं एक-बिट. पिवळ्या कागदावर एक-बिट केलं की छपाईच्या झिजलेल्या खिळ्याचा अनुस्वार जातो आणि कागदावरचा ठिपका अनुस्वार होतो. १९६२च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांत ‘तें’, ‘कीं’, ‘घरीं’ असतं, तिथे हे अक्षम्य आहे. किमान ४०० डीपीआय, ८-बिट ग्रे, म्हणजे करड्या छटांसकट. साडेआठ बाय साडेपाच इंची पान साधारण साडेसात एमबी, २०० पानं दीड जीबी. आज हे काहीच नाही. मूळ टिफ फायली ठेवा, लोकांना छोटी पीडीएफ द्या.

अक्षरजुळारी
हा वेगळा धागा आहे.

तिरकी_मात्रा
वेगळा नाही! शोधता न येणारं पुस्तक म्हणजे दुसरं कपाट. हिंदीवर घडवलेलं ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारी प्रणाली) ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ करतं, मराठी वळणाच्या ल आणि श वर अडखळतं, आणि ‘घरीं’ला चूक समजून ‘घरी’ करून ठेवतं. ओसीआरनंतर शब्दकोश-दुरुस्ती बंद ठेवा, मूळ लेखन तसंच राहू द्या, शोधासाठी आजच्या लेखनाचा वेगळा थर द्या.

डेमी_अष्टमांश
याच्याशी पूर्ण सहमत, आणि आमच्या धंद्याचाही दोष सांगतो. युनिकोड हा सामायिक अक्षरसंकेत येण्याआधी जुळवलेल्या फायली उघडल्या तर नुसती चिन्हं. फाँटनिहाय कन्व्हर्टर लागतो, आणि त्यानंतरही ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हातानं तपासावे लागतात, कारण जुन्या फाँटात दोन्ही डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं टाइप व्हायचे.

ब_वर्ग_ग्रंथपाल
म्हणजे फायली आहेत तुमच्याकडे. मग त्याच द्या ना!

डेमी_अष्टमांश
हक्क माझे नसतील असं तासाभरापूर्वी तुम्हीच म्हणालात.

अक्षरजुळारी
म्हणूनच म्हणतोय, रस्ता मधला काढा. युरोपीय संघानं २०१९ला बाजारात नसलेल्या पुस्तकांसाठी वेगळी सोय केली: यादी सार्वजनिक पोर्टलवर ६ महिने आधी लावायची, हक्कधारक कधीही नकार देऊ शकतो. आपल्याकडे हा केंद्राचा विषय आहे, तेव्हा ३१अमध्येच मागू: जाहिरात पुस्तकाच्या भाषेतल्या दैनिकात, यादी कॉपीराइट निबंधकांच्या संकेतस्थळावर ६ महिने, हरकत नसेल तर बिगर-व्यावसायिक ग्रंथालयाला न्यायालयात न जाता परवाना, वारस आला की पुस्तक उतरवायचं.

डेमी_अष्टमांश
शोधाच्या पावत्या अर्जाला जोडायची सक्ती असेल तर विरोध करणार नाही. पाठिंबाही आज देत नाही.

कलमबहाद्दर
एक भर घाला. परवाना पुस्तकाला मिळाला म्हणजे सगळ्या पानांना मिळाला असं नाही. प्रस्तावना दुसऱ्याची असेल तर तिची मुदत त्याच्या मृत्यूपासून, मुखपृष्ठ चित्रकाराचं, भाषांतर असेल तर भाषांतरकाराचाही हक्क स्वतंत्र. लेखकाच्या मागे प्रथमच छापलेली पत्रं असतील तर ६० वर्षं प्रकाशनापासून. यादीत हे चार रकाने वेगळे हवेत.

तिरकी_मात्रा
आणि पाचवा, स्कॅन किती डीपीआयचा ते.