फुल आर्च इम्प्लांट: दोष स्कॅनरचा की हाताचा?

वाटाड्या_दातांचा
तोंडातल्या स्कॅनरने फुल आर्चचं, म्हणजे हाडात बसवलेल्या इम्प्लांटवर (कृत्रिम मुळांवर) उभ्या राहणाऱ्या अख्ख्या जबड्याच्या दातांचं माप घेतलं, ब्रिज (एकत्र जोडलेल्या दातांची रांग) बसला नाही, की खापर मशीनवर फुटतं. मला ते पटत नाही. स्कॅनर अख्खा जबडा एका दमात टिपत नाही. छोट्या छोट्या प्रतिमा जुळवत पुढे सरकतो. प्रत्येक जोडणीतली किंचित चूक साचत जाते आणि दुसऱ्या टोकाच्या दाढेपाशी दिसते. म्हणून स्कॅनर फिरवायची वाट महत्त्वाची. बहुतेक कंपन्या स्कॅनचा क्रम ठरवून देतात. तो कितीजण पाळतात? मधेच उडी मारायची, तुकडा खोडून पुन्हा पुन्हा टिपायचा, आणि मग म्हणायचं स्कॅनर चुकतो!

ओपन_ट्रे
सर, एक-दोन इम्प्लांटला मीही स्कॅनच करतो. पण दात नसलेल्या खालच्या जबड्यात सहा इम्प्लांट असतील तर? मधे ओली, हलणारी, गुळगुळीत हिरडी. सॉफ्टवेअरला धरायला खूणच नाही. त्यात स्कॅन बॉडी (इम्प्लांटची जागा स्कॅनरला कळावी म्हणून त्यावर लावलेले खुंट) सगळ्या एकसारख्या, एकीला दुसरी समजून जोडणी घसरते. खरा दात थोडं सरकून सांभाळून घेतो. इम्प्लांट हाडाला घट्ट, सगळा ताण स्क्रूवर. त्यामुळे आमचं अजून जुनंच, ट्रेमध्ये मसाला भरून माप घ्यायचं: कोपिंग (मापासाठी इम्प्लांटवर लावायचे तुकडे) पॅटर्न रेझिनने (घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकने) एकमेकांना बांधायचे, आकुंचनाचा ताण जावा म्हणून कापून परत जोडायचे.

वाटाड्या_दातांचा
खुणा नाहीत तर द्या ना! स्कॅन बॉडींच्या मधे रेझिनची पट्टी टाका, नाहीतर आडव्या पंखांच्या स्कॅन बॉडी घ्या. मी तोच जबडा लागोपाठ स्कॅन केला तर फायली एकमेकींशी जुळतात.

ओपन_ट्रे
एकमेकींशी जुळल्या म्हणजे तोंडाशी जुळल्या असं कुठे आहे? दरवेळी त्याच दिशेने तेवढीच घसरण झाली तरी फायली जुळतीलच.

लॅबच्या_खिडकीतून
डॉक्टर, दोघांनाही एक सांगते. आमच्याकडे येणाऱ्या फायलींत वाटेचं भांडण नंतर येतं. आधी स्कॅन बॉडीच नीट बसलेली नसते, खाली हिरडी अडकलेली असते आणि बसली का ते पाहायला एक्स-रे काढलेला नसतो. कुणाची वरची कड अर्धीच टिपलेली. मग आम्ही सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतली स्कॅन बॉडीची आकृती अंदाजाने बसवायची? माप कसंही घ्या, जिग (त्या मापावरून केलेली, माप तपासायची पट्टी) तोंडात घालून बघा. एका टोकाचा एकच स्क्रू आवळा आणि दुसऱ्या टोकाला फट उघडते का पाहा.

वाटाड्या_दातांचा
मॅडम, जिग मान्य. पण तेवढ्यासाठी पेशंटला ट्रे भरून ओकारी कशाला आणायची? वय झालेल्या माणसाला ते किती जड जातं ते आपण रोज बघतो. आणि फोटोग्रामेट्री आहेच: बाहेरचा कॅमेरा सगळ्या इम्प्लांटच्या जागा एकत्र टिपतो, जोडाजोडीचा प्रश्नच नाही.

ओपन_ट्रे
मग त्यात तुमची वाट कुठे राहिली, सर? तो तर वेगळा कॅमेरा झाला, हिरडीचं स्कॅन निराळं आणि खर्चही निराळा. आणि जिग बसला नाही तर तो कापून तोंडातच रेझिनने जोडता ना? म्हणजे शेवटचं माप रेझिननेच घेतलंत.