पार्किंगमधलं पाणी कुणाचं?

सेक्रेटरी: बी विंगच्या पार्किंगमध्ये ७ नंबरच्या खांबाजवळ सकाळपासून पाणी टिपकतंय. वॉचमन म्हणतोय वरची लाइन लीक आहे. प्लंबरला बोलावतोय.

ए-१०२ काकू: आलाच तर आमचं बेसिन पण बघायला सांगा.

बी-३०४: थांबा, ते माझ्या गाडीखालचं आहे. काच धुवायच्या टाकीतलं. रात्रीच भरली होती, सकाळी रिकामी.

सेक्रेटरी: ऑईल नाही ना? फरशीचा डाग जात नाही.

बी-३०४: नाही हो, साधं पाणी. रविवारी गगनबावड्याहून येताना पुढच्या ट्रकनं चिखल उडवला. वायपर मारला तर सगळी काच चॉकलेटी. पाण्याचा खटका ओढतोय, ओढतोय, एक थेंब नाही. शेवटी बायकोनं खिडकीतून हात काढून बिसलेरी ओतली 😅 गॅरेजवाला म्हणतोय टाकीसकट सेट बदला, अडीच हजार. गाडी २००९ ची, तिच्यावर आता किती घालायचे?

सी-२०१ काका: अडीच हजार कशाला? खटका ओढल्यावर घर्र आवाज येतोय का ते सांग आधी.

बी-३०४: नाही, एकदम गप्प. वायपर चालतोय.

सी-२०१ काका: आवाज येऊन पाणी येत नसतं तर नोझल, म्हणजे काचेवर पाणी उडवणारं भोक, तुंबलं असतं नाहीतर पाइप निसटला असता. टाचणीचं काम. आवाजच नाही म्हणजे फ्यूज, वायर नाहीतर टाकीतलं पाणी काचेवर मारणारा पंप. बऱ्याच गाड्यांत वायपरला आणि या पंपाला एकच फ्यूज असतो, सगळ्यांत नाही, तेव्हा फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा तक्ता वाच. मग पंपाची पिन काढून तिथं टेस्ट लॅम्प लाव आणि कुणाला तरी खटका ओढायला सांग. दिवा लागला तर १२ व्होल्ट येतायत, पंप मेला. तुझं लीक पण होतंय आणि मोटर पण गप्प, म्हणजे मला वाटतं पंपच. सील गेलं की पाणी मोटरीत शिरतं.

बी-३०४: कशानं गेला असेल?

सी-२०१ काका: कोरडा फिरवल्यानं. पाण्यावरच तो गार राहतो. टाकी रिकामी आणि तू रागानं खटका धरून बसलास, तर एवढीशी मोटर किती सोसणार? त्यात बोअरचं पाणी. जाळीवर पांढरा थर बसतो, मग पंप जोर करून करून दमतो.

बी-१०१: काका, मी टाकीत चिमूटभर निरमा टाकतो. चालतंय ना?

सी-२०१ काका: नको रे बाबा. फेस होतो, वाळला की नोझलच्या भोकात बसतो, रंगावर ओघळ उठतात. काचेचा शाम्पू घाल थोडा.

डी-४०३: थेट पाइपलाइनचं पाणी घाला की टाकीत, काळम्मावाडी धरणाचं 😂

सी-२०१ काका: नळाला पाणी आलं असेल त्या दिवशी घाल. ३०४, उद्यमनगरात स्पेअरच्या दुकानात जा, जुना पंप हातात घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगू नकोस. पाइप जोडायची तोंडं एक आहेत का दोन ते जुळलं पाहिजे. पंप टाकीत बसतो तिथला रबरी बुश पण नवाच घे, १५-२० रुपयांसाठी जुना ठेवू नकोस. तो जुना बुशच पुन्हा टिपकायला लागतो. एमसील-बिमसील काही लावायचं नाही.

[शनिवार]

बी-३०४: काका, झालं! स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या वरचं प्लास्टिक काढलं, दोन क्लिपा तुटल्या. पंप ओढून काढला, जाळीवर शेवाळ बघा 🤢 पाइप कडक झाले होते, टोकं गरम पाण्यात धरली तेव्हा सरकली. नवा बुश ओला करून पंप आत दाबला. ३८० रुपये सगळं मिळून.

सी-२०१ काका: शाब्बास पठ्ठ्या. फवारा बघितलास?

बी-३०४: तिथंच घोळ आहे. पुढचा खटका ओढला की मागची काच धुतली जाते आणि मागचा ओढला की पुढची.

सी-२०१ काका: 😂😂 दोन तोंडांचा पंप आहे. मोटर एका बाजूला फिरली की पाणी पुढं जातं, उलटी फिरली की मागं. तू पाइप अदलाबदल करून लावलेस. परत प्लास्टिक काढ, दोन्ही पाइप फिरव.

बी-३०४: परत?? उरलेल्या क्लिपा पण जाणार आता.

डी-४०३: राहू दे की, मागचे गाडीवाले खूश होतील.

[रविवार]

बी-३०४: फिरवले. आता बरोबर. खाली रात्रभर पुठ्ठा टाकला होता, सकाळी कोरडा ठणठणीत.

सेक्रेटरी: छान. विषय बंद.

ए-१०२ काकू: म्हणजे प्लंबर येणार नाही का मग?