'एलियन' (1979): सात जण एकाच वेळी बोलतात तेव्हा नेमकं काय ऐकायचं?

प्रोजेक्टर_खोली (प्रश्न)

आमच्या फिल्म सोसायटीत पुढच्या महिन्यात रिडली स्कॉटचा 'एलियन' दाखवतोय, म्हणजे मालवाहू अंतराळजहाजावरच्या सात जणांमध्ये परका प्राणी शिरतो तो चित्रपट. नंतर अर्धा तास चर्चा आहे. चित्रकार गीगरने रचलेल्या त्या प्राण्यावर सगळेच बोलतात, म्हणून या वेळी फक्त नट आणि संवाद घ्यायचं ठरलंय. जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. संवाद पटकथेतलेच आहेत, की नटांनी सेटवर उभे केलेत? चर्चेसाठी कोणते प्रसंग थांबवून दाखवावेत? आणि 1979ची प्रत दाखवावी की स्कॉटने पुन्हा संपादित केलेली 2003ची? आणखी एक अडचण म्हणजे, हॉलमध्ये चाचणी घेतली तेव्हा सुरुवातीचं बोलणं पुटपुटल्यासारखं येत होतं आणि इंजिनांचा आवाज मात्र अंगावर येत होता.

मुद्रितप्रत

दोन्ही. मूळ पटकथा डॅन ओबॅननची, कथेत रोनाल्ड शुसेट सोबत. ओबॅननने पटकथेतच नोंद करून ठेवली होती की यातली कुठलीही भूमिका स्त्री किंवा पुरुष कुणीही करू शकेल. निर्माते वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर यांनी नंतर पुनर्लेखन केलं. संवाद तासून तुटक केले आणि जहाजावरचा विज्ञान अधिकारी अ‍ॅशचं यंत्रमानव असणं आणलं तेही त्यांनीच. त्यावर सेटवर स्कॉटने नटांना एकमेकांचं वाक्य तोडायची मोकळीक दिली. म्हणून सांगाडा लिहिलेला आणि श्वास नटांचा, असं समजा.

थांबवून दाखवायचा पहिला प्रसंग म्हणजे लांबच्या प्रवासातल्या कृत्रिम झोपेतून उठल्यावरचं जेवण. इथे नवा प्रेक्षक कथेचे धागे शोधत बसतो आणि नेमकं महत्त्वाचं हुकतं. इंजिन सांभाळणारा पार्कर (यॅफेट कोटो) बोनसचा विषय काढतो. त्याला आणि त्याच्या मदतनीस ब्रेटला (हॅरी डीन स्टँटन) पूर्ण वाटा हवा आहे. कप्तान डॅलस (टॉम स्केरिट) करारात आहे तेवढंच मिळेल म्हणून विषय मिटवतो. त्यावर ब्रेट म्हणतो की बाकीच्यांना आमच्यापेक्षा जास्त मिळतं. या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. चर्चेत लोकांना एवढंच विचारा: या टेबलावर कुणाच्या बोलण्याला उत्तर मिळतं आणि कुणाच्या नाही? जहाजावरची अख्खी उतरंड तिथेच ऐकू येते.

लगेच पुढे अ‍ॅश करारातलं कलम ऐकवतो. बुद्धिमान जीवाकडून आल्यासारखा संदेश मिळाला तर तपास करायलाच हवा, नाहीतर सगळा वाटा जप्त. ही सात माणसं त्या ग्रहावर उतरतात ती या कलमामुळे. कुतूहल किंवा धाडस यांचा त्यात भाग नाही. माझ्या मते हा चित्रपट आजही टिकून आहे तो याच कारणाने. भीतीचं मूळ पगाराच्या कागदात आहे.

दुसरा प्रसंग खालच्या मजल्यावरचा. वरची अधिकारी रिप्ली (सिगर्नी वीव्हर) दुरुस्ती बघायला येते तेव्हा वाफेच्या फुसफुसाटात तिचं बोलणं नीट ऐकू येत नाही. ती निघून गेल्यावर पार्कर वाफ बंद करतो. तिथे क्षणभर थांबा. वरिष्ठाचं बोलणं बुडवायला आवाजाचा वापर झालाय हे न सांगता कळतं. आणि ब्रेटचा तो एकच शब्द, 'राइट', मोजायला सांगा. पार्कर काहीही म्हणाला की तो येतो. रिप्ली त्यावरून त्याला पोपट म्हणते तेव्हाही त्याचं उत्तर तेच असतं.

तिसरी_घंटा

नटांबद्दल थोडं. श्रेयनामावलीत पहिलं नाव स्केरिटचं आहे. वीव्हर न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आलेली, पडद्यावर तिला जवळजवळ कुणी ओळखत नव्हतं, आणि सातांमध्ये वयाने सगळ्यात लहान. 1978मध्ये शेपरटन स्टुडिओत चित्रीकरण झालं तेव्हा ती 28-29 वर्षांची होती आणि स्टँटन 52चा. त्यामुळे शेवटपर्यंत कोण जगणार याचा अंदाज तेव्हाच्या प्रेक्षकाला बांधता येत नव्हता. आज रिप्लीचं नाव सगळ्यांना माहीत असल्यामुळे हा परिणाम बोथट झालाय, म्हणून प्रास्ताविकात ते नाव घेऊ नका. पोस्टरवरही तिचा एकटीचा फोटो टाळा.

ज्याच्या छातीतून पुढे प्राणी बाहेर येतो त्या केनची भूमिका आधी जॉन फिंचकडे होती. चित्रीकरण सुरू होताच तो आजारी पडला आणि जॉन हर्ट आला. व्हेरोनिका कार्टराइटला आपण रिप्ली करतोय असं वाटत होतं. जहाजाची दिशादर्शक लॅम्बर्ट आपल्या वाट्याला आलीय हे तिला कपडेपटाच्या वेळी कळलं.

पण चर्चेचा निम्मा वेळ इयन होमला द्या. दुसऱ्यांदा बघताना त्याचा अ‍ॅश पूर्ण वेगळा दिसतो. डॅलस आणि केन बाहेर असताना जहाजाची जबाबदारी रिप्लीवर असते. केनच्या चेहऱ्याला परका प्राणी चिकटतो आणि त्याला तसंच आत आणायचं असतं. ती 24 तासांच्या विलगीकरणाचा नियम सांगून दार उघडायला नकार देते आणि अ‍ॅश दार उघडतो. नंतर प्रयोगशाळेत ती त्याला जाब विचारते: विज्ञान विभागाचा मूलभूत नियम तू विसरलास. तो म्हणतो, विसरलो नाही. म्हणजे मोडलास, ती म्हणते. इथे कुणाचाही आवाज चढत नाही. होम नजर सूक्ष्मदर्शकाकडे वळवत राहतो आणि तुझं काम तू कर, माझं मला करू दे एवढ्यावर आणतो. अशी चकमक आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात घडू शकते, म्हणून ती खरी वाटते.

याला जोडून डॅलसचं बोलणं दाखवा: आधीच्या पाच फेऱ्यांत दुसराच विज्ञान अधिकारी होता, निघण्याच्या दोन दिवस आधी तो बदलून अ‍ॅश आला. स्केरिट हे इतक्या सहज म्हणून जातो की पहिल्या वेळी कानावरून निसटतं.

मोनो_ट्रॅक

आवाजाचं बघू. तुमची डिस्क 5.1 (सहा वाहिन्यांचा आवाज) वाजवतेय आणि हॉलमध्ये दोनच स्पीकर असतील, तर मधल्या वाहिनीतले संवाद दबणारच. प्लेअरच्या ध्वनी सेटिंगमध्ये बिटस्ट्रीम (न उलगडता पुढे पाठवलेला आवाज) काढून पीसीएम स्टिरिओ (प्लेअरनेच उलगडलेला दोन वाहिन्यांचा आवाज) करा, म्हणजे मधली वाहिनी दोन्ही बाजूंत मिसळते. मधला स्पीकर असेल तर त्याची पातळी 3 डेसिबलने वाढवा. त्याहून जास्त वाढवली की आवाज पडद्यापासून सुटल्यासारखा वाटतो. बास कमी करा, कारण रिकाम्या हॉलमध्ये इंजिनांची घरघर घुमते आणि नेमकी तीच बोलण्यावर बसते. चाचणी रिकाम्या हॉलमध्ये घेतली असेल तर लोक बसल्यावर घुमणं थोडं कमी होईल, पण त्या भरवशावर राहू नका. कर्णबधिरांसाठीची इंग्रजी सबटायटल्स लावा. कोण बोलतंय हे त्यात बऱ्याचदा लिहिलेलं असतं. मात्र दोघं एकदम बोलतात तिथे एकाचं वाक्य गाळलं जातं, म्हणून निवडलेले प्रसंग आधी सबटायटल्स बंद करून स्वतः ऐका.

प्रत 1979ची दाखवा. 2003ची जेमतेम एक मिनिटाने लहान आहे, पण तिच्यात काही दृश्यं परत घातलीत आणि बाकी बरंच कातरलंय. शेवटच्या धावपळीत रिप्लीला कोशात अडकलेला डॅलस सापडतो, ते दृश्य गती तोडतं. तिच्यातला एकच तुकडा तुमच्या कामाचा: दार न उघडल्याबद्दल लॅम्बर्ट रिप्लीला थोबाडीत मारते. तो चर्चेत वेगळा लावा.

प्रोजेक्टर_खोली

खूप उपयोग झाला. एक राहिलं. केनची छाती फुटते तेव्हा नटांना काहीच सांगितलं नव्हतं म्हणतात, ते खरं का?

तिसरी_घंटा

अर्धवट खरं. पटकथा सगळ्यांनी वाचली होती, छातीतून प्राणी येणार हेही माहीत होतं. रक्त किती उडेल आणि कुठल्या दिशेने, हे सांगितलं नव्हतं. हर्ट टेबलाखाली, डोकं आणि हात वर, मध्ये कृत्रिम धड. पहिल्या खेपेला प्राण्याला टी-शर्ट फाडता आला नाही, कापड आधीच कमकुवत करावं लागलं. नंतर झोत थेट कार्टराइटच्या अंगावर गेला, आणि तिचं मागे कोसळणं खरं आहे. कॅमेरे एकापेक्षा जास्त लावले होते, म्हणून ते हाती लागलं.

हा प्रसंग दाखवताना लोकांना केनकडे नका बघायला सांगू. जेवण चालू आहे, सगळे अन्नाला नावं ठेवून हसतायत, आणि होम केनवर नजर ठेवून आहे. पार्कर सुरी उचलतो तेव्हा 'हात लावू नकोस' म्हणून ओरडणाराही तोच.