शब्दचर्चा: ग्रीस निपल ‘खराब’ झाले, म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न (मुलुंड)

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी, वाहने घेऊन सह्याद्रीतील कच्च्या वाटांवर जाणाऱ्या मुंबईतील काही मंडळींसाठी देखभालीची एक लहान मराठी पुस्तिका तयार करीत आहे. अशा वाहनाच्या खालच्या अंगास, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या (चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवर (त्याच्या सांध्यातील चार टोकांच्या तुकड्यावर), स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या टोकांशी, आणि जुन्या जीप असतील तर स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकल पिनांवरही, ग्रीस भरण्यासाठी छोटी छोटी निपले असतात. खडक, चिखल आणि ओढ्याचे पाणी यांचा पहिला मार त्यांनाच बसतो. इंग्रजी पुस्तिकांत त्यांना ‘ग्रीस फिटिंग’ असे म्हटलेले आढळते. आमच्या एका मसुद्यात त्यासाठी ‘वंगण-जोडणी’ हा शब्द आला आहे, तर दुसऱ्यात ‘वंगण-चूचुक’. यांपैकी कोणता ठेवावा? आणि ‘डॅमेज्ड फिटिंग’ यासाठी ‘खराब झालेले निपल’ एवढे पुरेल काय?

प्रतिसाद (दादर)

दोन्ही ठेवू नयेत. मराठीत ‘जोडणी’ हा शब्द वीजजोडणी, नळजोडणी अशा वापरांमुळे पुरवठ्याच्या कायम जोडाशी बांधला गेला आहे. ‘वंगण-जोडणी’ वाचणारा मनुष्य गाडीखाली एखादी नळी शोधत बसेल. ‘वंगण-चूचुक’ या शब्दाविषयी (चूचुक म्हणजे स्तनाग्र) एवढेच म्हणतो की तो उच्चारून सुटा भाग मागण्याचे धैर्य नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात कोणी दाखवावे असा आग्रह आपण धरू नये.

‘ग्रीस निपल’ हाच शब्द योग्य आहे, कारण मुंबईतील गॅरेजांत, दुकानांत आणि चालकांच्या तोंडी तोच आहे. खुद्द इंग्रजीतही या वस्तूला एकच एक नाव नाही. ब्रिटनमध्ये तिला निपल म्हणतात. अमेरिकेत ऑस्कर झर्क याच्या नावावरून ‘झर्क’, ज्याचे या रचनेचे अमेरिकी पेटंट १९२९ मध्ये मंजूर झाले. आणि ते पेटंट ज्या कंपनीकडे गेले तिच्या नावावरून ‘अलेमाइट’ असेही म्हणतात. आपल्याकडे ब्रिटिश शब्द रुजला.

‘वंगण’ हा शब्द मात्र जपून वापरावा असे मला वाटते, आणि तो परका नसल्यामुळेच वाटते. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणे ही जुनी गोष्ट आहे, आणि सरकारी कचेरीत अडलेली फाइल पुढे सरकण्यासाठी जे ‘वंगण’ लागते त्याचा अर्थही कोणाला सांगावा लागत नाही. अडचण अशी की या शब्दात तेलही येते आणि ग्रीसही. ग्रीस म्हणजे साबणवर्गीय पदार्थात, पुष्कळदा लिथियमच्या साबणात, धरून ठेवलेले तेल. ते घट्ट असल्यामुळेच उघड्या सांध्यात टिकून राहते. ‘निपलातून वंगण द्यावे’ एवढेच लिहिले तर एखादा नवखा वाचक गिअर ऑइलचा डबा उघडेल. म्हणून सर्वसाधारण चर्चेत ‘वंगण’ असू द्यावे, पण कृती सांगताना ‘ग्रीस’ हाच शब्द असावा.

क्रियापदांकडेही लक्ष वेधतो. ग्रीस ‘लावणे’, ‘भरणे’ आणि ‘मारणे’ या तीन वेगळ्या कृती आहेत. वरच्या पृष्ठभागावर बोटाने किंवा ब्रशने ते लावतात, चाकाच्या बेअरिंगमध्ये तळहाताने दाबून भरतात, आणि निपलातून ग्रीसगनच्या दाबाने मारतात. ‘मारणे’ हे बोलभाषेतले म्हणून गाळावे असे कोणी सुचवील, पण त्यात दाबाचा जो अर्थ आहे तो ‘घालणे’ किंवा ‘देणे’ यांत उतरत नाही.

प्रतिसाद (कुर्ला)

मी वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. ‘निपल खराब आहे’ हे वाक्य ग्राहकाच्या तोंडी ठीक आहे. पुस्तिकेत ते निरुपयोगी आहे, कारण त्यावरून हातात चिंधी घ्यायची, पाना घ्यायचा की ड्रिल, हे कळत नाही. निपलाची रचना अशी असते: खाली आटे असलेली पोकळ दांडी, वर शंकूसारखे निमुळते डोके, डोक्याच्या तोंडाशी एक बारीक गोळी, आणि त्या गोळीला आतून रेटून धरणारी स्प्रिंग. गनच्या दाबाने गोळी आत सरकते व ग्रीस जाते. दाब सुटला की गोळी पुन्हा तोंड बंद करते. यांतील काय बिघडले त्यावर क्रियापद ठरते आणि क्रियापदावर दुरुस्ती.

तोंडावर चिखल वाळून बसला असेल तर निपल ‘बुजले’ असे म्हणावे. ते पुसायचे, बारीक तारेने टोकरायचे, एवढेच काम आहे. न पुसता गन लावली तर तो चिखल ग्रीससोबत थेट सांध्यात जातो, आणि मग चिखलच सांधा घासून काढतो.

गोळी हलत नसेल तर ती ‘अडकली’. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्यानंतर हे नेहमी दिसते. मात्र गोळी दोन तऱ्हांनी अडकते. बंद स्थितीत अडकली तर ग्रीस आत जातच नाही. तेव्हा गंज सोडवणारे तेल तोंडावर सोडून ते मुरू द्यावे आणि बोथट केलेल्या खिळ्याने गोळी हलके दाबून पाहावी. उघडी राहून अडकली तर गन काढताच ग्रीस तोंडातून परत येते, आणि पुढे त्याच तोंडातून पाणी आत जाते. अशा निपलाला ‘गळते’ म्हणावे आणि ते सरळ बदलावे.

निपल बदलूनही ग्रीस जात नसेल तर निपल निर्दोष आहे, सांधा ‘तुंबला’ आहे. हा भेद पुस्तिकेत ठळकपणे यावा, कारण चांगली निपले काढून फेकणारे पुष्कळ भेटतात. जुने ग्रीस आतल्या वाटेत वाळून दगड झालेले असते. चाक जॅकवर उचलून सांध्यावरचा भार काढावा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवावे, आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. भाराखाली जी वाट दाबलेली असते ती पुष्कळदा एवढ्यानेच मोकळी होते. तरीही न सुटल्यास निपलावर बसणारे दट्ट्याचे एक हत्यार मिळते. त्यात पातळ तेल भरून वरून हातोडीचा ठोका दिला की तेल त्या वाटेत घुसते.

कधी कधी दोष निपलात नसतो आणि सांध्यातही नसतो. गनच्या टोकाचे जबडे झिजलेले असतात, त्यामुळे निपलाच्या डोक्याभोवतीच ग्रीसचा लोंढा येतो. त्याला ‘गन पकडत नाही’ असे म्हणतात.

प्रतिसाद (गिरगाव)

वरील भेद भाषेच्या अंगानेही पक्का आहे. कानाचे भोक ‘बुजते’, गटार ‘तुंबते’: पहिल्यात तोंड मिटते, दुसऱ्यात वाट अडून मागे साठा होतो. एक शंका आहे. निपल ‘तुटला’ की ‘तुटले’?

प्रतिसाद (दादर)

दोन्ही कानावर येतात. गॅरेजातील हिंदीच्या सहवासाने पुल्लिंगाकडे ओढा असतो. लेखी मराठीत नपुंसकलिंग ठेवावे, म्हणजे ‘निपल तुटले’, ‘निपले तुटली’. ग्रीसही नपुंसकलिंगी, आणि ग्रीसगन मात्र बंदुकीच्या नात्याने स्त्रीलिंगी.

प्रतिसाद (कुर्ला)

‘तुटणे’ आणि ‘आटे जाणे’ राहिले होते, आणि खरी दुरुस्ती तिथेच आहे. खडकावर आपटून निपलाचे डोके उडते आणि दांडीचा तुकडा आत राहतो. तो पोकळ असतो हे आपले भाग्य. उलट्या आट्यांचे निमुळते हत्यार, ज्याला बाजारात ‘ईझी आउट’ म्हणतात, त्या पोकळीत हलके ठोकून डावीकडे फिरवले की तुकडा बहुधा निघतो. ड्रिल मारावेच लागले तर ड्रिलच्या टोकाला आधी ग्रीस चोपडावे, म्हणजे लोखंडाचा कीस त्याला चिकटून बाहेर येतो. उरलासुरला कीस काढण्यासाठी नवे निपल बसवल्यावर जुने ग्रीस पूर्ण बाहेर पडेपर्यंत नवे मारत राहावे. क्रॉसच्या बाबतीत चारही टोपणांच्या सीलमधून ग्रीस दिसले पाहिजे. एका टोपणातून येत नसेल तर ते बेअरिंग कोरडे चालले आहे असे समजावे.

आटे गेले असतील तर आधी ते आटे कोणते होते हे पाहावे. नव्या वाहनांत बहुधा ६, ८ किंवा १० मिलिमीटरची, १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांची निपले असतात. जुन्या विलिस घराण्यातील जीपांवर इंची आटे भेटतात. पाव इंची भोकात ६ मिलिमीटरचे निपल डगमगत बसते आणि पहिल्याच खड्ड्यात निघून जाते. ‘आटे गेले’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा हा चुकीचा जोडा असतो. ६ मिलिमीटरचे आटे खरोखरच गेले असतील आणि भोवती पुरेसे लोखंड असेल, तर ७ मिलिमीटरचे ड्रिल मारून ८ मिलिमीटरचे आटे पाडावेत. क्रॉसवर हा खटाटोप करू नये, नवा क्रॉस घालावा. तिथे भोवती लोखंड फारसे नसते.

प्रतिसाद (ठाणे)

आमच्या कारखान्यातील सुरक्षेच्या सूचना मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून एका शब्दप्रयोगाला हरकत घेतो. ‘ग्रीस जात नसल्यास जोर लावावा’ असे वाक्य पुस्तिकेत कुठेही नसावे. हातगनमध्येसुद्धा काही हजार पौंड प्रति चौरस इंच इतका दाब तयार होतो. त्याने सील फाटते हे एक. दुसरे आणि गंभीर असे की फुटलेल्या नळीतून निघालेली ग्रीसची बारीक धार कातडीत घुसू शकते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि तरीही ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. तेव्हा ‘ग्रीस टोचले’ असे न लिहिता ‘ग्रीस कातडीखाली गेले’ असे लिहावे आणि पुढे ‘ताबडतोब रुग्णालयात जावे’ हे जोडावे. ‘टोचले’ म्हटले की माणूस हळद लावून मोकळा होतो.

प्रश्नकर्ता (मुलुंड)

सर्वांचा आभारी आहे. परिच्छेद असा करीत आहे: “निपल बुजले असल्यास पुसून मोकळे करावे. गोळी बंद अडकली असल्यास तेल मुरवून सोडवावी. निपल गळत असल्यास बदलावे. नव्या निपलातूनही ग्रीस जात नसल्यास सांधा तुंबला आहे असे समजून भार काढावा व पुन्हा ग्रीस मारावे. जोर लावू नये. निपल तुटले असल्यास आतील तुकडा काढून, आट्यांचे माप पाहून, नवे निपल घट्ट आवळावे.”

प्रतिसाद (कुर्ला)

‘घट्ट’ काढावे. पोकळ दांडीचे निपल घट्ट आवळले की डोके पिळून हातात येते आणि तुकडा पुन्हा आतच राहतो. “हाताने फिरेल तेवढे फिरवून पुढे आखूड पान्याने बेताने बसवावे” असे लिहावे.