घरी येणाऱ्या केअरटेकरच्या कामाचा दर्जा घरच्यांनी कसा तपासावा?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. माझी आई 78 वर्षांची आहे. पक्षाघातामुळे तिची उजवी बाजू लुळी पडली असून बोलणे अस्पष्ट झाले आहे, मात्र तिला समजते सगळे. मी आणि यजमान दोघेही नोकरी करतो आणि भाऊ ऐरोलीला राहतो, त्यामुळे केअरटेकर पुरवणाऱ्या एका ब्युरोमार्फत सकाळी आठ ते रात्री आठ अशी एक मावशी ठेवली आहे. ब्युरोच्या मॅनेजर अधूनमधून फोन करतात, "सगळं ठीक आहे ना?" असे विचारतात, मी "हो" म्हणते आणि त्यांच्या लेखी तपासणी पूर्ण होते.

मावशींविरुद्ध माझी तक्रार नाही. त्या वेळेवर येतात, मायेने बोलतात. परंतु काही चुकत असेल, तर ते माझ्या लक्षात येण्याची कोणतीही सोय आज घरात नाही, आणि आई स्वतः सांगू शकत नाही, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. भाऊ आईच्या खोलीत कॅमेरा लावू या म्हणतो. मला ते पटत नाही. नेमके काय पाहावे, किती वेळाने पाहावे, आणि ब्युरोला कशासाठी जबाबदार धरता येते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर 1 (निवृत्त परिचारिका, कळवा)

ताई, मी अनेक वर्षे वॉर्डात काम केले आणि निवृत्तीनंतर घरी झोपून असलेल्या रुग्णांना भेटी देते. काळजी कशी घेतली जाते हे रुग्णाच्या शरीरावर दिसते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

आठवड्यातून किमान दोनदा आईचे अंग तुम्ही स्वतः पुसा. माकडहाड, टाचा, कंबरेची हाडे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू नीट पाहा, आणि लुळ्या बाजूकडे विशेष लक्ष द्या, कारण तिथे दुखत असले तरी आईला ते जाणवेलच असे नाही. त्वचा लालसर दिसली तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर ती जागा फिकट झाली नाही आणि लालीच कायम राहिली, तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी समजावी. सावळ्या त्वचेवर लाली उठून दिसत नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का, हेही हाताने पाहावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते आणि ते होते की नाही, याचा खरा पुरावा ही त्वचाच देते.

दुसरी जागा तोंडाची. उजवी बाजू गेलेल्या माणसाच्या उजव्या गालात घास अडकून राहतो आणि त्याला ते कळत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर आईच्या गालाच्या आत टॉर्चने पाहा. दुपारचा भात तिथे सापडला, तर जेवणानंतर तोंड स्वच्छ केले गेले नाही, एवढे निश्चित. हा अडकलेला घास पुढे श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे याकडे केवळ स्वच्छतेचा भाग म्हणून पाहू नये. जेवताना आई सरळ बसलेली असावी, नंतर किमान अर्धा तास तिला आडवे करू नये, आणि जेवणानंतर तिचा आवाज ओला, घोगरा येत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

औषधांसाठी रविवारी सर्व स्ट्रिप मोजून आकडा लिहून ठेवावा आणि पुढच्या रविवारी पुन्हा मोजावे. रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी गोळी चुकणे आणि दोनदा दिली जाणे, दोन्ही घातक आहे.

मावशींनी कोणते काम किती वाजता केले याची नोंदवही हवीच, मात्र ती वाचायलाही शिकावे लागते. दहा, बारा, दोन, चार अशा ठोक वेळा, सगळ्या एकाच शाईत आणि एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या, तर ती वही बहुधा संध्याकाळी बसून भरलेली असते. खऱ्या वहीत "12.35, झोप लागली होती म्हणून उशिरा कूस बदलली" अशी नोंद सापडते. अशी नोंद करणाऱ्या मावशींना उशिराबद्दल बोल लावू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून ठोक वेळा सुरू होतील.

ब्युरो बिलात "नर्स" लिहून त्याप्रमाणे पैसे घेत असेल, तर एएनएम किंवा जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. काही दिवसांच्या प्रशिक्षणानंतर आलेल्या अटेंडंटला नर्स म्हणता येत नाही. अटेंडंट कितीही हुशार असली तरी तिच्याकडून इंजेक्शन देणे किंवा लघवीची नळी बदलणे ही कामे करवून घेऊ नयेत.

कॅमेऱ्याबद्दल माझे मत तुमच्यासारखेच आहे. जिथे डायपर बदलला जातो आणि अंग पुसले जाते, तिथे कॅमेरा लावणे आईच्या अब्रूला धरून नाही. शिवाय पलंगाजवळ कोणीतरी उभे आहे एवढेच त्यात दिसेल; गोळी कोणती दिली हे दिसणार नाही. हॉलमध्ये लावायचा असेल, तर आईची संमती घेऊन आणि मावशींना सांगून लावावा.

उत्तर 2 (पालक, नेरूळ)

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण प्रश्न तोच आहे. माझा प्रौढ मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे आणि काही सोबत्यांबरोबर आधार-निवासात, म्हणजे मदतनीसांच्या आधाराने राहण्याच्या घरात, राहतो. अशा संस्थेची दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र आम्ही प्रवेशापूर्वी पाहिले होते. मात्र मुलाचा दिवस कसा जातो, हे प्रमाणपत्रातून कळत नाही. म्हणून मी गेल्यावर ठरावीक गोष्टी पाहतो. त्याच्या अंगावरचा शर्ट त्याचाच आहे का, की धुतलेल्या ढिगातून जो हाती आला तो घातला आहे? त्याच्या खर्चाच्या वहीतली रक्कम आणि पाकिटातले पैसे जुळतात का? आज काय खाल्ले हे तो सांगतोच. काय खायचे होते, हे त्याला कोणी विचारले होते का? या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण माणसाची निवड विचारली जात नसेल, तर स्वच्छ फरशी आणि वेळेवरचा चहा असूनही ती जागा त्याचे घर होत नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये केअरर म्हणून काम करते. तिथे घरी दिल्या जाणाऱ्या वैयक्तिक काळजीवरही केअर क्वालिटी कमिशन ही संस्था 2009 पासून देखरेख करते. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलते का आणि तिचे व्यवस्थापन नीट आहे का, या पाच प्रश्नांवर पाहणी होते आणि सेवेला जाहीर दर्जा दिला जातो. आधार-निवासाच्या बाबतीत कमिशन काळजीची तपासणी करते, घराची नव्हे, कारण भाडेकरार आणि काळजीचा करार तिथे वेगवेगळे असतात. याचा अर्थ, काळजी देणारी संस्था बदलली तरी माणसाचे छप्पर जाऊ नये. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोन्ही एकाच हातात असते आणि म्हणून पालक तक्रार करायला कचरतात.

तुमच्या आईला सगळे समजते, असे तुम्ही लिहिले आहे. मग तपासणीत पहिला प्रश्न त्यांनाच विचारायला हवा. डाव्या हाताने एकदा दाबले तर हो, दोनदा दाबले तर नाही, अशी खूण ठरवा आणि मावशी घरी नसताना एकेक साधा प्रश्न विचारा. दुखले का? तहान लागली तेव्हा पाणी मिळाले का? कोणी रागावले का? विचारायला घाई करू नका. पक्षाघातानंतर उत्तर जुळवायला वेळ लागतो.

उत्तर 3 (ग्राहक तक्रारींचे काम करणारा, वाशी)

जबाबदारीविषयी लिहितो. ब्युरो बहुधा दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 खालील नोंदणी दाखवतो. ती नोंदणी व्यवसाय चालवण्याची आहे. काळजीच्या दर्जाशी तिचा संबंध नाही. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करून घरपोच काळजी देणाऱ्या संस्थांना नोंदणी आणि किमान निकष लागू करणारे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, परंतु ते मंजूर न होताच 2024 मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झाले. त्यामुळे सध्या तुमच्या हातातला करार हाच तुमचा मुख्य आधार आहे.

करारात "आम्ही फक्त माणूस पुरवतो, कामाची जबाबदारी आमची नाही" असे वाक्य असेल, तर सही करण्यापूर्वी ते काढायला सांगा. सुपरवायझर महिन्यातून एकदा प्रत्यक्ष घरी येऊन रुग्णाला पाहील, बदली माणूस किती तासांत मिळेल आणि त्याला कामाची माहिती कोण देईल, हे लिहून घ्या. पैसे बँकेतून द्या आणि पावती जपून ठेवा. मोबदला देऊन घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली येते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करून पाहावी. ज्येष्ठांना त्रास दिला जात असल्याची शंका आली, तर एल्डरलाइन 14567 वर फोन करावा.

उत्तर 4 (केअरटेकर, दिवा)

मी हेच काम करते. घरच्यांनी तपासावे, त्यात आम्हाला अपमान वाटत नाही. अचानक उलटतपासणी केली तर मात्र वाटतो. काय पाहणार आहात ते पहिल्या दिवशी सांगा. आमचीही बाजू तपासणीत धरा. बारा तासांत जेवायला अर्धा तास मिळतो का, आठवड्याची सुट्टी मिळते का, आणि तुम्ही देता त्यातले ब्युरो किती कापून घेतो? रात्रपाळी करून थेट दिवसपाळीला पाठवलेली बाई कितीही प्रामाणिक असली, तरी दुपारी तिचा डोळा लागणारच. पावसात गाड्या बंद पडल्या की आमच्याऐवजी अनोळखी बदली येते, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त चुका त्याच दिवशी होतात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आईला डाव्या हाताच्या खुणेने विचारले. पाणी मिळते, कोणी रागावत नाही, पण कूस बदलताना उजवा खांदा दुखतो, असे तिने सांगितले. हे मला आजवर ठाऊक नव्हते. मावशींशी शांतपणे बोलले. उचलताना हात धरून ओढला जातो, हे त्यांच्याही लक्षात आले नव्हते. बदलीच्या दिवसासाठी कपाटाच्या दारावर एक कागद लावायचा विचार आहे. त्यात काय लिहावे?

उत्तर 1 (निवृत्त परिचारिका, कळवा)

खांद्याबद्दल फिजिओथेरपिस्टना याच आठवड्यात दाखवा. लुळ्या हाताला धरून ओढल्याने खांद्याचा सांधा सरकू शकतो, म्हणून कागदावर पहिली ओळ तीच लिहा: उजवा हात ओढू नये, पाठीखाली हात घालून वळवावे. त्याखाली गोळ्यांच्या वेळा, जेवताना कसे बसवायचे, उजवा गाल साफ करणे, हो-नाहीची खूण आणि तुमचा व डॉक्टरांचा फोन क्रमांक, एवढे पुरे आहे. मोठ्या अक्षरात मराठीत लिहा आणि हिंदीतही लिहा, कारण बदलीला येणाऱ्या बाईला मराठी वाचता येईलच असे नाही.