'आय ॲम गुड' : हवं की नको?

गोव्यात मांद्र्याला आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत. ऑक्टोबर ते मार्च त्या पाहुण्यांना देतो, उरलेलं वर्ष त्यांत नारळ आणि जुनी खाट असते. माझं शिक्षण मराठीतून, इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली. तरी गंमत अशी, की अवघड शब्दांनी मला कधी फसवलं नाही. ते अडले की मोबाइल काढून बघतेच. फसवतात ते 'गुड', 'टी', 'हाफ' असले, जे बघावेत असं मनातही येत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळी पोळे वाढून झाल्यावर किटली घेऊन गेले आणि विचारलं, "मोअर टी?" बाई हसून म्हणाल्या, "आय ॲम गुड." चांगलं झालंय म्हणतात असं समजून मी कप भरला. दुसर्‍या दिवशी तेच. तिसर्‍या दिवशी त्यांनी आधी कपावर हात आडवा धरला, मग तेच वाक्य म्हटलं. पंगतीत पानावर हात आडवा धरणारा माणूस काय म्हणत असतो, हे काय मला शिकवायला हवं? 'पुरे!' दोन दिवस त्या बिचार्‍या भिडेखातर चहा पीत होत्या.

तेव्हापासून वहीत शब्दापुढे अर्थ लिहायचं सोडलं. कोण बोललं, कधी, आणि बोलताना काय करत होतं, एवढंच लिहिते. एक नोंद जशीच्या तशी देते:

"यू ऑलराइट? – लीड्सचे आजोबा. सकाळी, फाटकाकडे जाताना. मी सर्दीचं सांगायला लागले, तोवर ते रस्त्यावर. थांबत नाहीत, म्हणजे उत्तर नको आहे."

देवळाच्या वाटेवर 'जेवलीस?' विचारणारी बाई आपल्याला वाढायला थोडीच निघालेली असते! तसंच हे. आता मीही चालता चालता उलट 'यू ऑलराइट?' म्हणते आणि दोघांचंही भागतं.

याच आजी-आजोबांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, टी किती वाजता? मी सांगितलं, पाच. पाचला चहा आणि बिस्किटं ठेवली. त्यांनी बिस्किटांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि बसून राहिले. सहा वाजले तरी उठेनात. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगो, ती भुकेली दिसतात." इंग्लंडच्या उत्तर भागात संध्याकाळच्या जेवणालाच टी म्हणतात, हे त्या दिवशी घाईघाईने तळलेल्या बांगड्यांसोबत कळलं.

परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म भरावा लागतो, त्यातलं 'गिव्हन नेम'ही असंच. सासूबाईंचा प्रश्न: "दिलेलं नाव? मग न दिलेलं कुठलं?" पासपोर्टवर आडनाव वर आणि हे खाली छापलेलं बघितलं, तेव्हा समजलं की हे बारशाचं नाव. (मराठीत 'ठेवलेलं नाव' म्हणावं, तर 'नावं ठेवण्या'शी गल्लत व्हायची. म्हणजे आपली भाषाही काही साधी नाही.)

पण पैशांचा घोळ झाला तो 'फोर्टनाइट'मुळे. शब्दकोशात त्याचा अर्थ पंधरवडा. आमच्या ह्यांनी १५ दिवसांचं भाडं मांडलं, आजोबा १४ रात्रींचे पैसे मोजून देत होते. दोघंही सज्जन, त्यामुळे आवाज चढला नाही, नुसती बोटं मोजणं चाललं होतं. तो शब्द मुळात 'चौदा रात्री' यावरूनच झालाय म्हणे. आपल्या पंधरवड्यातही तिथीचा क्षय झाला की दिवस १४ भरतात, पण खोलीच्या भाड्याला पंचांग कुठून लावणार?

आता अडलंय ते इथे: आजोबा म्हणाले, परवा टॅक्सी 'हाफ सेव्हन'ला हवी. अर्धा सात म्हणजे साडेसहा की साडेसात? मोपाहून विमान आहे, चूक परवडणार नाही. आणि तुम्हीही असे कानाने शिकलेले शब्द असतील तर सांगा.

साखळीहून : साडेसात. 'हाफ पास्ट सेव्हन'मधला 'पास्ट' बोलताना गळतो. ब्रिटिश माणूस असेल तर शंका नको. जर्मन पाहुणा असेल तर मात्र पुन्हा विचारा, कारण त्यांच्या भाषेत 'अर्धा सात' म्हणजे साडेसहाच, आणि इंग्रजी बोलतानाही तो हिशेब मध्ये येऊ शकतो. बाकी तुमची वही आवडली. मी ३० वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, शब्दार्थ फळ्यावर लिहून पाठ करून घेतले. मुलं परीक्षेत पास झाली आणि दुकानात गप्प राहिली.

वास्कोहून : ताई, संदर्भावर इतका भरवसा ठेवू नका, तोही चकवतो. मी बोटीवर होतो. पहिल्याच कंत्राटात एक अमेरिकन सहकारी ड्यूटी संपवून जाताना म्हणाला, 'सी यू लेटर.' संदर्भ काय सांगत होता? काम अर्धं राहिलंय, माणूस परत येणार. मी जेवणाची वेळ टळेपर्यंत तिथेच. तो कधीच झोपला होता. नंतर लक्षात आलं, घरातून बाहेर पडताना आपण 'येतो' म्हणतो, तेवढाच त्याचा अर्थ. पण हे एकदा ऐकून कळत नाही, चारपाच वेळा ठेच लागावी लागते. 'डिकी' आणि 'पार्सल' हे शब्द आपण सगळे संदर्भानेच शिकलो ना? मग लंडनच्या हॉटेलात पार्सल मागून बघा. तिथे पार्सल पोस्टाने येतं.

मडगावहून : वरच्या दोघांचंही खरं आहे. आपल्याकडे हे १९६१च्या आधीपासून चालू आहे, फक्त भाषा वेगळी होती. 'जनेल' आणि 'चावी' पोर्तुगीजमधून आले ते अर्थासकट जसेच्या तसे, कारण खिडकीकडे बोट दाखवता येतं. 'पगार'चं पाहा. पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद आहे, 'पैसे देणे'. ज्यांनी कानावर पडलेला तो शब्द उचलला, त्यांना व्याकरणाशी काय देणंघेणं? शब्द कानावर आला की हातात पैसे पडतात, एवढं त्यांना पुरेसं असणार. मराठीत 'पगार' ते पैसेच होऊन बसले. आता याला चूक म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही. पण वास्कोकर म्हणतात तसं, लिस्बनला जाऊन 'माझा पगार' म्हणालात तर समोरचा वाक्य पुरं व्हायची वाट बघत बसेल.

मांद्र्याहून : सगळ्यांचे आभार. साखळीच्या गुरुजींवर (की बाई?) विश्वास होताच, तरी रात्री भिंतीवरचं घड्याळ काढून आजोबांसमोर धरलं. त्यांनी मोठ्या काट्यावर बोट ठेवलं, सहावर आणलं, आणि लहान काटा सात-आठच्या मध्ये दाखवला. साडेसात. शेजारच्या टॅक्सीवाल्या भावजींना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, मी सातलाच येतो, इंग्रजीचा भरवसा नाही."

वास्कोचे भाऊ, तुमचं पटलं. वहीत आता एकदा ऐकलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह घालते, तिसर्‍यांदा तसाच ऐकला की खोडते. 'आय ॲम गुड'पुढचं खोडलंय.

निघताना आजी गाडीतून हात हलवत म्हणाल्या, "सी यू लेटर!" सासूबाईंनी विचारलं, काय गो म्हणाल्या? 'येते' म्हणाल्या, असं मी सांगितलं. "मग परत कधी येणार?" त्या फाटकातच उभ्या. आता त्यांना काय सांगू? जानेवारीतल्या १४ रात्रींचे आगाऊ पैसे आजोबा आदल्या संध्याकाळीच देऊन गेले होते.